बॉल पायथन अन्नाला तोंड लावत नाही तेव्हा...

घाना, टोगो आणि बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशांतून बाहेर पडलेला एक लहानसा अजगर आज ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील असंख्य घरांत पाळीव प्राणी म्हणून नांदतो आहे. 'पायथन रेजिअस' हे त्याचे शास्त्रीय नाव. भीती वाटली की तो डोके मध्यभागी लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून अमेरिकेत त्याला 'बॉल पायथन' म्हणतात. ब्रिटनमध्ये तोच 'रॉयल पायथन' म्हणून ओळखला जातो. बिनविषारी, स्वभावाने शांत, पूर्ण वाढ झाली तरी साधारण चार-पाच फुटांच्या आत राहणारा हा साप पहिल्यांदाच साप पाळू पाहणाऱ्याला हमखास सुचविला जातो. त्याची एक खोड मात्र विकत घेताना पुष्कळदा सांगितली जात नाही. नव्या घरी आल्यावर हा साप आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाही.

घरातील मंडळींची, विशेषतः ज्याच्या हट्टापायी साप आणलेला असतो त्या मुलाची, यामुळे झोप उडते. सत्तर-ऐंशी ग्रॅम वजनाचे पिल्लू दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आठवड्यातही समोर ठेवलेल्या उंदराकडे पाठ फिरवते, तेव्हा ते आता दगावणार अशी खात्री होऊ लागते. मग रोज नवा प्रयोग, रोज पेटी उघडणे, हातात घेऊन तोंड तपासणे सुरू होते. साप पाळणाऱ्या अनुभवी मंडळींचे आणि सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांचे याबाबत एकमत आहे. उपवासापेक्षा ही धावपळच पिल्लाला अधिक महागात पडते.

उपवासाचे बळ

सापाची भूक ही माणसाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या भुकेसारखी नसते, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. सस्तन प्राणी आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा शरीर गरम ठेवण्यासाठी जाळतो. साप उष्णता बाहेरून घेतो, त्यामुळे त्याचा दैनंदिन खर्च अगदीच तुटपुंजा असतो. त्यातही अजगर हा घात लावून एका जागी बसणारा शिकारी. भक्ष्य येईल तेव्हा खायचे आणि येईपर्यंत शरीराचा संसार काटकसरीने चालवायचा, अशी त्याची रचना आहे.

ही काटकसर किती टोकाची असू शकते याचा अभ्यास अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठात मार्शल मॅक्यू या संशोधकाने केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक या तीन प्रकारच्या सापांना सुमारे साडेपाच महिने अन्नावाचून ठेवण्यात आले होते. या काळात सापांनी आपला चयापचयाचा वेग कमाल ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. इतकेच नव्हे, तर उपाशी असतानाही त्यांच्या लांबीत भर पडत राहिली.

अजगराच्या जेवणाची दुसरी बाजू तितकीच विलक्षण आहे. बर्मी अजगरावर स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात केलेल्या संशोधनातून असे दिसून आले, की मोठे भक्ष्य गिळल्यानंतर त्याचा चयापचय विश्रांतीच्या वेळेच्या कित्येक पटींनी वाढतो. आकसलेले आतडे, यकृत, मूत्रपिंडे काही तासांत फुगू लागतात. २००५ मधील एका अभ्यासात तर दोन दिवसांत हृदयाच्या स्नायूत सुमारे ४० टक्क्यांची वाढ नोंदली गेली. जेवण संपले की ही सगळी यंत्रणा पुन्हा आवरून ठेवली जाते. थोडक्यात, खाणे हा अजगराच्या लेखी मोठा खर्चिक आणि जोखमीचा व्यवहार आहे. पोटात भक्ष्य असलेला साप जड होतो, त्याला पळता येत नाही. आसपास धोका आहे असे वाटत असताना तो हा व्यवहार सुरूच करीत नाही. नव्या घरी आलेल्या सापाच्या नकाराचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. नखरे किंवा हट्ट हे शब्द माणसांनी त्याला चिकटवलेले आहेत.

अर्थात, धडधाकट वाढलेल्या सापाचे हे गणित अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला जसेच्या तसे लावता येत नाही. त्याच्या अंगी साठा कमी असतो. म्हणून पिल्लाच्या बाबतीत धीर हवा, पण बेफिकिरी नको. या दोहोंमधील सीमारेषा दाखविणारे साधन एकच, ते म्हणजे ग्रॅममध्ये वजन दाखविणारा स्वयंपाकघरातील काटा. (तो सापासाठी वेगळा ठेवावा, हे सांगणे न लगे.)

वारुळातून काचपेटीत

बॉल पायथन आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात आणि शेतशिवारात राहतो. दिवस उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात काढायचा आणि अंधार पडल्यावर बाहेर पडायचे, हा त्याचा क्रम. बिळात अंग चारही बाजूंनी मातीला टेकलेले असते. तो स्पर्श हीच त्याची सुरक्षितता. बेनिनमधील विदा या गावी या अजगरांचे देऊळ आहे. तेथील अजगर पूज्य मानले जातात. देवळातील साप अधूनमधून रात्री मोकळे सोडले जातात, ते आपले भक्ष्य आपण शोधतात आणि एखादा कुणाच्या घरात शिरला तर गावकरी त्याला अदबीने देवळात आणून सोडतात. त्या सापांना भरविण्याचा प्रश्न कुणाला पडत नाही.

पाळीव प्राण्यांच्या व्यापारात येणाऱ्या पिल्लाचा प्रवास निराळा असतो. गाभण माद्या किंवा अंडी रानातून गोळा करायची, अंडी केंद्रात उबवायची आणि पिल्ले परदेशी पाठवायची, असा उद्योग पश्चिम आफ्रिकेत अनेक दशके चालू आहे. अशी पिल्ले पिशव्यांत भरून विमानाने हजारो मैल जातात. अनेकांनी तोवर काहीच खाल्लेले नसते, काहींच्या अंगावर गोचिडी तर पोटात जंत असतात. याउलट अमेरिका-युरोपात पैदास केलेली पिल्ले बहुधा निरोगी असतात आणि त्यांना मेलेले उंदीर खाण्याची सवय लावलेली असते. १९९२ मध्ये बॉब क्लार्क या अमेरिकी पैदासकाराने पांढऱ्या-पिवळ्या 'अल्बिनो' बॉल पायथनची पैदास यशस्वी करून दाखविली, त्यानंतर निरनिराळ्या रंगांच्या जाती काढण्याची अहमहमिका लागली. त्यांपैकी 'स्पायडर' या जातीतील सापांचे डोके डुगडुगते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सापांच्या अंतर्कर्णाची रचनाच सदोष असल्याचे आढळले. असा साप खात नसेल तर दोष त्याच्या भुकेत शोधून उपयोग नाही.

म्हणूनच साप विकत घेताना रंगापेक्षा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो : याने आतापर्यंत किती वेळा, काय आणि कसे खाल्ले? अंड्यातून निघालेले पिल्लू पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पोटातील बलकावर जगते, पहिली कात टाकते आणि मगच शिकारीला लागते. अशी किमान तीन-चार जेवणे स्वखुशीने घेतलेले पिल्लूच घ्यावे. चांगला पैदासकार तारखांसह नोंद हाती देतो. पिल्लू कोणत्या आकाराचा उंदीर घेत होते, जिवंत की फ्रीजरमधला, पेटी कशी होती, हे सारे त्या नोंदीत असेल तर निम्मे काम झाले.

भारतात काय?

या सापाचे प्रस्थ आपल्याकडेही वाढते आहे आणि त्याची एक काळी बाजू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. बॉल पायथनचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्रजातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये स्थान मिळाले आणि २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची सरकारदरबारी नोंदणी करणे बंधनकारक झाले. भारतीय अजगर, नाग, धामण यांना तर याच कायद्याचे कडक संरक्षण आहे. ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घरात साप निघाला तर तो सर्पमित्राच्या किंवा वनखात्याच्या हवाली करावा. पकडलेला रानटी साप डब्यात ठेवून त्याला खाऊ घालण्याचा खटाटोप मुळीच करू नये.

नागपंचमीच्या दुधाचाही येथे उल्लेख करायला हवा. साप दूध पीत नाही, ते त्याला पचतही नाही. गारुड्यांनी दिवसेंदिवस तहानलेले ठेवलेले नाग समोर येईल ते द्रव पितात एवढाच त्याचा अर्थ. न खाणाऱ्या पाळीव सापाला दूध, अंड्याचा बलक किंवा मटणाचा तुकडा देऊन पाहावा, असा सल्ला कुणी दिला तर तोही याच मासल्याचा समजावा. बॉल पायथनचे अन्न म्हणजे अख्खा उंदीर. हाडे, यकृत, केस यांसकट. त्यातूनच त्याला कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात.

ब्रिटन-अमेरिकेत, जेथे हा साप उघडपणे आणि कायदेशीररीत्या पाळला जातो, तेथील पालकांसाठी जाणकार जी रीत सांगतात ती पुढीलप्रमाणे.

आधी पेटी, मग भक्ष्य

साप खात नाही म्हटल्यावर बहुतेक जण उंदीर बदलतात. बदलायची असते ती पेटी. तिच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस तापमान हवे, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश. या दोन टोकांमध्ये साप स्वतःच्या गरजेप्रमाणे ये-जा करतो. उष्णता कमी पडली तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात कुजतो. सापाला हे उपजत कळते आणि गार पेटीत तो तोंडच उघडत नाही. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, अन्यथा पोटाला भाजण्याचा धोका असतो. तापमान हाताने चाचपून किंवा काचेवर चिकटवलेल्या पट्टीवरून ठरवू नये. साप प्रत्यक्ष जेथे बसतो तेथे डिजिटल तापमापकाचे टोक ठेवून पाहावे. पुष्कळ 'हट्टी' सापांचा हट्ट या एका तपासणीने सुटला आहे. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असावी.

त्यानंतरची महत्त्वाची गोष्ट म्हणजे लपण्याची जागा. एक नव्हे, दोन. एक उबेच्या टोकाला आणि एक गारव्याच्या. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून निवड करावी लागते, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो. ही ढोली ऐसपैस असून उपयोगी नाही. वेटोळे घातल्यावर पाठ छताला आणि बाजू भिंतींना टेकतील इतकी ती अरुंद हवी. उपडा ठेवून तोंड कापलेला प्लास्टिकचा डबाही चालतो. दिसायला देखणी, मोठी, चारही बाजूंनी पारदर्शक काचपेटी हौसेने आणली जाते. लहान पिल्लाला ती उघड्या माळरानासारखी वाटते. तिच्या तीन बाजू जाड कागदाने झाकाव्यात, रिकामी जागा कृत्रिम पाने आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांनी भरावी. तेवढ्यानेही भागले नाही, तर पिल्लाला काही महिने बुटाच्या खोक्याएवढ्या, हवेसाठी छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतात. कुणाला ही कोंडवाड्याची शिक्षा वाटेल. पिल्लाला ते आपले बीळ वाटते. पाण्याचे भांडे मात्र कायम भरलेले हवे. उपवास सोसणारा साप तहान सोसत नाही.

पेटी दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी, सतत उघडझाप होणाऱ्या दारामागे किंवा कुत्र्याच्या बसण्याच्या जागेसमोर असेल तर तीही हलवावी. सापाला हवेतून येणारे आवाज आपल्यासारखे ऐकू येत नसले, तरी जमिनीतून येणारी कंपने तो नेमकी टिपतो.

पहिले सात दिवस

नवा साप आणल्यापासून निदान पाच ते सात दिवस त्याला हात लावू नये. पाणी बदलायचे, तापमान पाहायचे, पेटी बंद करायची. घरी आलेल्या पाहुण्यांना साप काढून दाखविण्याचा मोह याच आठवड्यात अनावर होतो, आणि नेमका याच आठवड्यात तो आवरायचा असतो. पहिले जेवण त्यानंतर, संध्याकाळी अंधार पडल्यावर, खोलीतील दिवे मंद करून द्यावे.

भक्ष्याचा आकार सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा. वजनाच्या हिशेबात पिल्लासाठी त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. नव्या सापाला पहिल्या खेपेस त्याहून थोडे लहानच भक्ष्य दिलेले बरे. फ्रीजरमधील उंदीर बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावा आणि देण्यापूर्वी पिशवीसकट ऊन पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्हचा वापर कदापि करू नये. उंदीर बाहेरून फाटतो, आतून काही ठिकाणी शिजतो तर काही ठिकाणी गोठलेलाच राहतो. वितळलेला उंदीर कागदाने कोरडा करून, डोक्याकडचा भाग केस सुकविण्याच्या यंत्राने पुन्हा थोडा तापवावा. पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४० अंशांच्या दरम्यान हवे.

या तापविण्याला कारण आहे. अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खळग्यांची रांग असते. काळोख्या बिळात उबदार रक्ताचा प्राणी कोठे आहे हे त्याला या खळग्यांमुळे 'दिसते'. या खळग्यांतील मज्जातंतूंमध्ये उष्णता ओळखणारे प्रथिन कोणते, याचा उलगडा २०१० मध्ये झाला. दुभंगलेल्या जिभेने टिपलेला वास टाळूतील जेकबसन अवयवाकडे पोहोचतो तो वेगळाच. थोडक्यात, बॉल पायथनच्या दृष्टीने गार उंदीर हा उंदीरच नव्हे. कोमट म्हणजे शिळा आणि ऊन म्हणजे ताजा, एवढा साधा त्याचा निवाडा असतो.

उंदीर लांब चिमट्याने, शेपटीकडून किंवा कमरेपाशी धरून, ढोलीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर हळूच हलवावा. सापाच्या तोंडावर तो आपटू नये. जीभ जलद बाहेर येऊ लागली, मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळली तर थांबावे आणि हात स्थिर ठेवावा. झडप घालून त्याने विळखा घातला की दिवा न लावता, दार न आपटता दूर व्हावे. त्याने अंगाची गुंडाळी करून डोके लपविले, तर तो 'आज नको' म्हणतो आहे. उंदीर ढोलीच्या दाराशी ठेवून रात्रभर निघून जावे. अनेक बुजरी पिल्ले कुणी पाहत नसताना खातात. सकाळी उंदीर तसाच असेल तर टाकून द्यावा. पुन्हा गोठवू नये. त्यानंतरचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी. उद्या नाही, परवाही नाही. पहिल्या महिन्यात हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते आणि सर्वाधिक फळही याच नियमाला येते.

जिवंत उंदीर सोडण्याचा सल्ला पुष्कळ मिळतो. त्याने काही साप खातातही; परंतु भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर राहिलेला मोठा उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीवर हाडापर्यंत जखमा झालेले अजगर पशुवैद्यकांकडे येतात ते यामुळेच. उंदराच्या वाट्याला येणाऱ्या यातनांचा प्रश्न आणखी वेगळा. अगदीच नाइलाज असेल तेव्हाही डोळे न उघडलेल्या पिल्लाखेरीज जिवंत भक्ष्य देऊ नये, आणि तेव्हाही लक्ष ठेवावे.

तरीही नकार मिळाला तर

पेटी बिनचूक आहे, साप निरोगी आहे आणि तीन-चार प्रयत्न फुकट गेले आहेत, अशा वेळी युक्त्यांची पाळी येते. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही. प्रथम मूषकाची जात बदलावी. जन्मापासून घरातील छोट्या उंदरावर वाढलेले बॉल पायथन मोठ्या जातीच्या उंदराचे, म्हणजे 'रॅट'चे, पिल्लू खाण्याचेच समजत नाही. याच्या उलटही घडते. पैदासकाराची नोंद येथे उपयोगी पडते. आफ्रिकेत या सापाच्या वाट्याला येणारा मऊ केसांचा 'मॅस्टोमिस' उंदीर काही पैदासकार खास याच कामासाठी वाढवतात, आणि महिनोन्महिने रुसलेल्या सापांनी तो पहिल्या खेपेस उचलल्याचे अनुभव आहेत. त्या वासाची चटक लागली तर पुढे दुसरे काही चालत नाही, ही त्यातली मेख.

वास लावणे ही दुसरी युक्ती. नेहमीच्या वितळलेल्या उंदरावर जर्बिलच्या पेटीतील भुसा चोळतात किंवा कोंबडीच्या पिल्लाचे पीस फिरवतात. कोंबडीच्या पिल्लाला शास्त्रीय आधार आहे. आग्नेय नायजेरियातील रानटी अजगरांचा लुइसेली आणि अँजेलिची या संशोधकांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७० सेंटिमीटरपेक्षा लहान सापांच्या आहारात पक्ष्यांचे प्रमाण अधिक आढळले, तर मोठे साप आणि माद्या प्रामुख्याने सस्तन प्राण्यांवर जगत होत्या. उंदराशिवाय काहीच न पाहिलेल्या पिल्लालाही पिसाच्या वासाने तरतरी येते ती कदाचित यामुळे.

तिसरी युक्ती खोक्याची. छिद्रे पाडलेल्या लहानशा पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा कागदी पिशवीत पिल्लू आणि ऊन केलेला उंदीर एकत्र ठेवून ते खोके बंद करून पेटीच्या उबदार टोकाला रात्रभर ठेवायचे. अंधार, अडचण आणि वास या तिन्ही गोष्टी बिळाची आठवण करून देतात. मेलेल्या उंदराच्या डोक्याला छेद देऊन आतला वास बाहेर येऊ देण्याची रीतही प्रचलित आहे. वाचायला ती किळसवाणी वाटते, पण पिल्लांच्या बाबतीत ती लागू पडते.

काही नकार मात्र मुळीच मनावर घेऊ नयेत. डोळे निळसर-दुधी झाले, अंगाचा रंग फिका पडला की साप कात टाकण्याच्या बेतात आहे असे समजावे. ती पडेपर्यंत खाणे विचारू नये. वयात आलेले नर हिवाळ्यात, विणीच्या हंगामात, महिनोन्महिने उपाशी राहतात. अंड्यांना वेटोळे घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने जागची हलत नाही. यांचे वजन टिकून असेल तर वसंतात ते आपणहून खाऊ लागतात.

कॉर्न स्नेक आणि हॉगनोज या अमेरिकी सापांच्या पिल्लांचे प्रश्न निराळे आहेत. कॉर्न स्नेकची काही पिल्ले सरड्याच्या वासाशिवाय उंदीर ओळखत नाहीत. हॉगनोजचे निसर्गातले आवडते खाद्य बेडूक. त्याच्यासाठी उंदीर माशाच्या पाण्यात बुडवून देतात. बॉल पायथनवर हे प्रयोग करण्यात अर्थ नाही.

काटा काय सांगतो

आठवड्यातून एकदा, तेही जेवणाच्या प्रयत्नाच्या दिवशी नव्हे, सापाचे वजन करून वहीत टिपावे. सोबत तारीख, काय दिले, घेतले की नाही, कात, विष्ठा, तापमान. वजन स्थिर असेल किंवा एखाद-दोन ग्रॅमने घटत असेल तर थांबता येते. मूळ वजनाच्या १० टक्के घट झाली की थांबण्याची मुदत संपली असे समजून सरीसृपांच्या जाणकार पशुवैद्यकाकडे जावे. श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून बसणे, हिरड्यांना लाली किंवा पू, खवल्यांखाली हलणारे काळे ठिपके, डोके वर आकाशाकडे वळवून राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर वजनाचीही वाट पाहू नये. २०१४ मध्ये बॉल पायथनमध्ये श्वसनसंस्थेचा गंभीर आजार घडविणारा निडोव्हायरस गटातील विषाणू ओळखला गेला; त्याची सुरुवातीची खूण अनेकदा अन्न नाकारणे हीच असते. रानातून आलेल्या सापाची विष्ठा तर खाओ न खाओ, तपासून घ्यावीच. घरात दुसरे साप असतील तर नव्याला काही महिने वेगळ्या खोलीत ठेवावे.

जबरदस्तीने भरविणे हा शेवटचा उपाय, आणि तो शिकलेल्या हातांनीच करावयाचा. त्याचा सौम्य प्रकार म्हणजे नवजात, केसही न आलेल्या लहानशा मेलेल्या उंदराचे नाक पिल्लाच्या ओठांत अलगद सरकवून, पिल्लाला खाली ठेवून, स्तब्ध राहणे. पुष्कळ पिल्ले पुढचे काम आपण करतात. घशापर्यंत नळी घालणे किंवा भक्ष्य आत ढकलणे यात जबडा, अन्ननलिका दुखावू शकते, आणि भेदरलेले पिल्लू ते सगळे उलटून टाकते. एकदा उलटी झाली की पोटाला सावरायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य.

पहिले जेवण झाल्याचा आनंद मोठा असतो, आणि त्याच आनंदात साप हातात घेतला जातो. त्यानंतर निदान ४८ तास त्याला हात लावू नये. दुसरे भक्ष्य तितकेच, सहा-सात दिवसांनी. मागचा उपवास भरून काढण्यासाठी मोठा उंदीर देण्याची घाई करू नये. ओळीने तीन-चार जेवणे झाली की पिल्लू रुळले असे म्हणता येते. मग आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, दिवसा उजेडी हाताळायला हरकत नाही. उंदीर वितळविण्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि साप किंवा उंदीर हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण दोहोंकडून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. नोंदवही पुढेही चालू ठेवावी. हा साप तीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये अंडी घालणाऱ्या मादीने तर वयाची साठी ओलांडलेली होती.